नवसैनिकांची प्रश्नावली आणि अत्याचार-प्रतिबंध

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीनुसार, त्याआधीच्या वर्षभरात सैन्यातील सुमारे ८.४ टक्के स्त्रियांना आणि १.५ टक्के पुरुषांना नकोसा लैंगिक संबंध किंवा स्पर्श सोसावा लागला होता. पुरुषांची टक्केवारी लहान दिसत असली, तरी सैन्यात बहुसंख्या त्यांचीच असल्याने पीडित पुरुषही हजारोंच्या घरात जातात. प्रतिबंधाचे प्रशिक्षण मात्र बराच काळ सरसकट एकाच साच्याचे राहिले. सभागृहात शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाने पूर्वी अत्याचार सोसलेला असू शकतो, दुसऱ्याने तो केलेला असू शकतो, आणि दोघांच्याही कानांवर तेच व्याख्यान पडते.

हवाई दलाने टेक्सासमधील लॅकलँड तळावर वेगळा मार्ग आजमावला. तेथे नवसैनिक टॅब्लेटवर गोपनीय प्रश्नावली भरत असे आणि त्याच्या उत्तरांवरून तीनपैकी एक पाठ त्याच्यापुढे येत असे: अत्याचार सोसलेल्यांसाठी एक, जबरदस्ती केलेल्यांसाठी दुसरा, उरलेल्यांसाठी तिसरा. एकदा अत्याचार झालेल्या व्यक्तीला पुन्हा तसाच धोका अधिक असतो आणि पूर्वीची जबरदस्ती पुढील जबरदस्तीची शक्यता वाढवते, हे संशोधनातून वारंवार दिसलेले वास्तव या विभागणीच्या मुळाशी आहे.

‘तुम्ही बलात्कार केला आहे का?’ असे प्रश्नावलीत थेट विचारल्यास बहुतेक जण नाही म्हणतील. म्हणून मानसशास्त्रज्ञ मेरी कॉस यांनी विकसित केलेल्या आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३२ महाविद्यालयांतील सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या पाहणीत वापरलेल्या पद्धतीत गुन्ह्याचे नाव न घेता कृती विचारली जाते: समोरची व्यक्ती दारूच्या नशेत नकार देऊ शकत नसताना संबंध ठेवला का, धाक दाखवला का. जी कृती माणूस स्वतःच्या मनात गुन्हा मानत नाही, ती तो अशा प्रश्नाला उत्तर देताना कबूल करतो.

या कबुलीची गोपनीयता हाच सर्व रचनेचा पाया आहे, कारण उत्तर वरिष्ठांच्या हाती पडण्याची शंका आली, की कोणीही खरे लिहिणार नाही. शिवाय पीडितांच्या पाठात दक्षतेवर भर देताना, घडले ते त्यांच्याच चुकीने, असा सूर चुकूनही उमटता कामा नये. तसे झाल्यास हे प्रशिक्षण जुनी जखमच उघडी करील.

तरीही प्रश्नावली नवसैनिकांपुरतीच होती, आणि धोका केवळ त्यांच्याकडूनच येतो असे नाही. याच लॅकलँडवर २०१२ मध्ये उघड झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत दोषी ठरलेले लोक नवागतांना शिकवणारे प्रशिक्षक होते आणि त्यांच्यापैकी एकाला लष्करी न्यायालयाने २० वर्षांचा कारावास ठोठावला होता.