ग्रीकमधील तीव्र भावनांचे वाक्प्रचार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

राग, भीती, आनंद, विरह अशा तीव्र भावनांसाठी आधुनिक ग्रीकमध्ये वाक्प्रचारांचा मोठा साठा आहे. ग्रीस आणि सायप्रसमध्ये ते घरात, बाजारात आणि मित्रमंडळीत सतत कानावर पडतात. शब्दकोशातला नुसता अर्थ पाठ करून मात्र ते आत्मसात होत नाहीत, आणि शिकणाऱ्यांमध्ये त्यांच्याविषयी काही चुकीच्या समजुती रूढ आहेत.

गैरसमज १ : प्राचीन ग्रीक येत असेल, तर आजच्या ग्रीकांच्या भावना आपोआप कळतात.

वस्तुस्थिती : शब्द टिकले, अर्थ सरकले. होमरच्या काव्यांत ‘थिमोस’ ही छातीत वसणारी चेतना आहे. धैर्य, इच्छा, संताप सारे तिथूनच उसळते. आजच्या ग्रीकमध्ये ‘थिमोस’ म्हणजे केवळ राग, आणि ‘थिमोसा’ म्हणजे ‘मला राग आला’. शिवाय ग्रीसमध्ये दीर्घकाळ पुरातन वळणाची ‘काथारेवूसा’ ही शासनाची आणि शिक्षणाची भाषा होती. लोकांच्या बोलीवर आधारलेल्या ‘दिमोतिकी’ला अधिकृत मान्यता मिळाली ती १९७६ मध्ये. भावनांचे बहुतेक वाक्प्रचार या बोलभाषेत घडलेले आहेत, म्हणून ते तिथूनच शिकावे लागतात.

गैरसमज २ : ग्रीक माणूस प्रेमाचे चार किंवा सात प्रकार काटेकोरपणे वेगळे ठेवतो.

वस्तुस्थिती : ही यादी ग्रीक बोलीतून आलेली नाही. चार प्रेमांची मांडणी लोकप्रिय केली ती सी. एस. लुइस यांच्या १९६० मधल्या पुस्तकाने. पुढे १९७३ मध्ये जॉन ॲलन ली यांनी प्रेमाच्या शैलींना प्राचीन भाषांतली नावे दिली. त्यांतले ‘लूडुस’ तर लॅटिन आहे. ‘आगापे’ म्हणजे फक्त निःस्वार्थ प्रेम, हेही खरे नाही. बायबलच्या जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात अम्नोनच्या तामारविषयीच्या वासनेलाही याच धातूचे क्रियापद वापरले आहे. आज ‘सागापो’, म्हणजे ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’, हे प्रियकराला, आईला आणि लेकरालाही म्हटले जाते. ‘एरोतास’ मात्र प्रणयासाठीच राखलेला आहे.

गैरसमज ३ : शब्दांचा अर्थ लागला की वाक्प्रचाराचाही लागतो.

वस्तुस्थिती : काही वाक्प्रचारांत मराठी माणसाला ओळखीची वाट दिसते. भीतीने वा धक्क्याने ‘मू कोपिकान ता गोनाता’ (माझे गुडघे कापले गेले) असे म्हणतात. मराठीत हातपाय गळतात. ‘एकाना तिन कार्द्या मू पेत्रा’ (मी हृदयाचा दगड केला) यात निष्ठुरपणा नाही. ते काळजावर दगड ठेवून काही सोसणे आहे.

पण हीच ओळख फसवूही शकते. ‘पाई ना स्पासी ई कार्द्या मू’, म्हणजे हृदय फुटायच्या बेतात आहे, हे प्रेमभंगाचे वाक्य नाही. भीतीने वा उत्कंठेने छाती धडधडत असताना ते वापरतात. मन विदीर्ण झाले तर ‘रायिसे ई कार्द्या मू’ म्हणतात, म्हणजे हृदयाला तडा गेला. ‘व्यीका आपो ता रूखा मू’ (मी कपड्यांतून बाहेर आलो) याचा अर्थ संतापाने बेभान झालो. ‘पीये ई प्सिही मू स्तिन कूलुरी’ (माझा जीव कूलुरीला गेला) यातले कूलुरी हे सालामिस बेटाचे लोकांतले जुने नाव आहे. बोलणाऱ्याची भीतीने गाळण उडाली आहे, एवढेच त्यातून कळायचे.

गैरसमज ४ : वाक्प्रचार साचेबंद असतात, त्यात व्याकरण लागत नाही.

वस्तुस्थिती : क्रियापद आणि सर्वनाम दोन्ही बदलतात. ‘तो संतापला’ म्हणताना वरचा वाक्प्रचार ‘व्यीके आपो ता रूखा तू’ असा होतो. काळाचीही जाण लागते. ‘एमिना कांगेलो’ (मी कठडा होऊन राहिलो, म्हणजे थक्क झालो) किंवा ‘पेथाना स्ता येल्या’ (हसून हसून मेलो) यांत भूतकाळ येतो, भावना अजून ओसरलेली नसली तरी.

इथे मराठीभाषकाला एक मोठी सोय आहे. ‘मू आरेसी’ची रचना ‘मला आवडते’ सारखीच आहे: आवडणारी वस्तू कर्ता, आणि आवड ज्याला आहे तो ‘मू’. ‘मू लीपिस’मध्येही कर्ता ‘तू’ असतो, म्हणजे मला तुझी उणीव भासते. इंग्रजीच्या वाटेने जाणारा इथे ‘मी’ला कर्ता करून चुकतो, मराठीच्या वाटेने ही रचना सहज हाती लागते.

गैरसमज ५ : ग्रीक माणसे मोकळी असतात, म्हणून कोणताही वाक्प्रचार कुठेही चालतो.

वस्तुस्थिती : प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. ‘ता पीरा स्तो क्रानीओ’ (माझे टाळके फिरले) मित्रांत शोभते. कार्यालयात वा वडीलधाऱ्यांपुढे ‘थिमोसा’ पुरते. ‘मू स्पास ता नेव्रा’ (तू माझ्या नसा तोडतोस, म्हणजे डोके उठवतोस) यात एकवचनी ‘तू’ आहे, त्यामुळे परक्याला उद्देशून ते उद्धट ठरते. ‘एयिना तूर्कोस’ (मी तुर्क झालो, म्हणजे भडकलो) यात एका समाजाचे नाव रागाशी जोडलेले आहे. अर्थ ओळखता यावा, पण वापर टाळावा. ‘मलाका’ ही शिवी जवळचे मित्र लाडाने वापरतात, तरी अनोळखी माणसासाठी तो अपमानच असतो.

गैरसमज ६ : हे सारे शब्द मूळचे ग्रीकच आहेत.

वस्तुस्थिती : ऑटोमन राजवटीच्या शतकांत अनेक भावनावाचक शब्द तुर्कीतून ग्रीकमध्ये आले आणि रुळले. मैफलीत चढणारी उल्हासाची लहर म्हणजे ‘केफी’. तिचे मूळ अरबी, आणि मराठीतला ‘कैफ’ही तिथूनच आला. मनाला लागलेल्या दुःखाला ‘देर्ती’ म्हणतात. ते मूळ फारसी ‘दर्द’. युनेस्कोने २०१७ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट केलेल्या ‘रेबेतिको’ गीतांत असे शब्द वारंवार येतात. वाक्प्रचार त्यांच्या सुरासह आणि प्रसंगासह ऐकण्यासाठी ही गीते शिकणाऱ्याला चांगले साधन ठरतात.