गिळण्याचा आवाज

ताईच्या पित्ताशयात खडे होते. ऑपरेशन दोन वर्षं लांबत गेलं, कारण ती दवाखान्यात असताना भाच्याला भरवणार कोण? शेवटी मी रजा टाकून सांगली गाठली. आधीचे चार दिवस ती मला शिकवणार होती. घास भरवायला चार दिवस कसले शिकायचे, असं मला तेव्हा वाटलं होतं.

भाचा चौदा वर्षांचा आहे. जन्मताना मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, त्यातून सेरेब्रल पाल्सी झाली. त्याला बसता येत नाही, बोलता येत नाही, मानही फार वेळ सावरत नाही. एका जेवणाला पन्नास मिनिटं लागतात.

पहिला धडा खुर्चीचा. ती सुताराकडून त्याच्या मापाची करून घेतलेली. कंबर पार मागे टेकवायची, गुडघे काटकोनात, पावलांखाली पाट. “पाय लोंबकळले की सगळं अंग ताठतं. अंग ताठलं की गिळणं बिघडतं.” मी वाटी घेऊन उभी राहिले, तशी तिनं मला खांद्याला धरून खाली बसवलं. भरवणारा उभा असला की तो वर बघतो. मान मागे गेली की घास श्वासनलिकेत उतरायचा धोका वाढतो. हनुवटी किंचित खालीच हवी.

चमचा उथळ, सिलिकॉनचा. चमचा दातांना लागला की कधीकधी त्याचा जबडा आपोआप घट्ट मिटतो; तो हट्ट नसतो. अशा वेळी चमचा ओढायचा नाही, नुसतं थांबायचं. जबडा सैल झाला की चमचा जिभेच्या मध्यावर हलका दाबायचा, ओठ मिटू द्यायचे आणि सरळ बाहेर काढायचा.

वरण-भात पुरणयंत्रातून काढलेला. पहिल्या दिवशी मी भीत भीत विचारलं, “त्यापेक्षा पातळ आमटी-भात हलका नाही का?” ताई हसली. तिच्या मते तेच सगळ्यांत वाईट. आमटी पुढे पळते, शितं मागे राहतात आणि तोंडाला एकदम दोन कामं पडतात. पाणी तर फार चपळ. ते पावडर घालून कढीसारखं दाट करूनच द्यायचं.

एवढं सगळं तिच्या वहीत लिहिलेलं आहे. आवाज मात्र वहीत नाही. ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती, मी बाहेर भरवत होते. मला काहीच वेगळं वाटलं नाही आणि आतून हाक आली, “थांब!” त्याच्या हुंकाराला पाणी लागलं होतं, म्हणजे घशात काहीतरी साचलं होतं. काही मुलांच्या बाबतीत घास फुफ्फुसाकडे जातो तरी ठसका लागत नाही. मग खूण एवढीच: ओला आवाज, पाणावलेले डोळे, बदललेला श्वास. थांबायचं, त्याला पुन्हा एकदा गिळू द्यायचं, आवाज कोरडा झाला की पुढचा घास. जेवणानंतर अर्धा तास त्याला आडवं करायचं नाही.

दुखणं ओळखणं याहून अवघड. गेल्या वर्षी लंगोट बदलताना उजवा पाय नेहमीइतका उघडेना, हे ताईच्या हाताला कळलं. तो रडत नव्हता. उलट गप्प झाला होता आणि डावा अंगठा मुठीत दाबून धरत होता. एका डॉक्टरांनी “अशा मुलांत कडकपणा असतोच” म्हणून परत पाठवलं. तिनं दुसरीकडे एक्स-रे काढून घेतला. खुब्याचा सांधा सरकला होता. चालू न शकणाऱ्या सेरेब्रल पाल्सीच्या मुलांत हे वारंवार घडतं.

संशोधकांनी हे ज्ञान आयांकडूनच घेतलं आहे. न बोलणाऱ्या मुलांच्या वेदना मोजण्यासाठी कॅनडात तीस खुणांची एक यादी तयार झाली. तिचा पाया होता अशा मुलांना सांभाळणाऱ्यांच्या मुलाखती. वेदना मोजण्याच्या आणखी एका पट्टीत तर आपल्या मुलाच्या खास खुणा भरायला पालकांसाठी जागाच सोडलेली असते. ताईला यातलं काही ठाऊक नाही. मी सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मग आपल्याकडे कुणी विचारत का नाही?”

तिच्याकडे अपंगत्वाचं प्रमाणपत्र आहे, त्यावर टक्केवारी आहे. भाचा अठराचा झाला की राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली पालकत्वासाठी स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागेल, तेही तिला माहीत आहे. त्या कागदावर पालक म्हणून कुणाचंही नाव चढवता येईल. पण ओला आवाज ऐकू येणारा कान त्याला कुठून मिळणार? म्हणूनच आता ती जवळच्या प्रत्येकाला धरून शिकवते. आधी नवऱ्याला, मग शेजारच्या काकूंना, आता मला.

ऑपरेशन नीट पार पडलं. तीन दिवस मी नऊ वेळा भरवलं. ताई पोटाला हात लावून हळूहळू पायऱ्या चढून आली आणि खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं, “कसा जेवला?”

मी तयारच होते. सकाळी पंचावन्न मिनिटं, दोनदा आवाज ओला झाला, दोन्ही वेळा थांबले, शेवटचे चार चमचे दिले नाहीत.

“बरं केलंस,” ती म्हणाली. “आणि डावा अंगठा?”

अंगठ्याकडे मी पाहिलंच नव्हतं.