खुकरीचं वजन कुठे असतं?

खुकरी हातात घेतली की आधी जाणवतं ते तिचं पुढे झुकणं. दीड फुटाच्या आतबाहेरचं हत्यार, वजन अर्ध्या किलोच्या थोडं पुढेमागे. पण हे वजन मुठीजवळ नसतं. पातं जिथे सर्वांत रुंद होतं, त्या पोटात ते साठलेलं असतं. युद्धकलेच्या सरावासाठी खुकरी पारखायची असेल तर चकाकी आणि मुठीवरचं कोरीवकाम बाजूला ठेवून आधी हे वजन पाहावं. तिचे गुण तिथूनच येतात आणि मर्यादाही.

फिरणाऱ्या वस्तूचं वस्तुमान अक्षापासून जितकं दूर, तितकी ती फिरवायला अवघड, आणि ही अडचण अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढते. 100 ग्रॅम पोलाद मनगटापासून 10 सेंटिमीटरवरून 25 सेंटिमीटरवर नेलं, तर ते फिरवण्याला होणारा विरोध सव्वासहापट होतो. फिरण्याचा वेग तोच राखला, तर त्यातली गतिज ऊर्जाही तितक्याच पटीने वाढते. म्हणून एवढंसं पातं जाड फांदी तोडू शकतं. नेपाळच्या डोंगराळ भागात त्याचं रोजचं काम तेच: सरपण फोडणं, झुडपं साफ करणं, दसैंच्या सणाला बळी देणं. 1814 ते 1816च्या युद्धात इंग्रजांनी गोरखा सैनिकांच्या हातात जी खुकरी पाहिली, ती मुळात घरातलं आणि शेतातलं अवजार होती. म्यानाबाहेर काढली की रक्त चाखल्याशिवाय ती परत ठेवत नाहीत, ही गोष्ट अजूनही सांगितली जाते. ती साफ खोटी आहे.

घाव नेमका कुठे बसावा, यालाही शास्त्र आहे. क्रिकेटच्या बॅटला जशी एक जागा असते, जिथे चेंडू लागला की हाताला झिणझिण्या येत नाहीत, तशी प्रत्येक पात्याला असते. तिला आघातकेंद्र म्हणता येईल. ते घरीच मोजता येतं. धारेवर जाड चिकटपट्टी लावा. मूठ जिथे तर्जनीत बसते, तिथे अंगठा आणि बोटाच्या चिमटीत खुकरी सैल लटकवा आणि तिला हलकेच झुलू द्या. दहा झोक्यांना, म्हणजे जाऊन परत येण्याच्या दहा फेऱ्यांना, किती सेकंद लागले ते पाहा. एका झोक्याच्या सेकंदांचा वर्ग करून 25ने गुणलं की चिमटीपासून आघातकेंद्राचं अंतर सेंटिमीटरमध्ये मिळतं. दहा झोक्यांना 9 सेकंद लागले, तर उत्तर सुमारे 20 सेंटिमीटर. ही जागा पात्याच्या पोटाशी जुळली तर लोहाराला काम कळलेलं आहे. नाही जुळली तर ती खुकरी भिंतीवर टांगायला ठीक आहे.

आता वाक. धार आतल्या बाजूला आणि पातं पुढे झुकलेलं, त्यामुळे सरळ मारलेला घावही लक्ष्यावर तिरपा बसतो. दाबाबरोबर धार सरकतेही. नुसतं दाबून कापण्यापेक्षा सरकवत कापायला जोर बराच कमी लागतो. पिकलेल्या टोमॅटोवर सुरी कशी चालवावी लागते हे सगळ्यांना ठाऊक आहे. मुठीजवळच्या छोट्या खाचेबद्दल मात्र कथा फार आहेत. कोणी तिला त्रिशूळ म्हणतं, कोणी गायीचं खूर, कोणी रक्त ठिबकण्याची जागा. मला तिच्यातली धोक्याची बाजू जास्त महत्त्वाची वाटते: खाचेच्या टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो आणि तडा तिथूनच जातो. म्हणून खाचेचे कोपरे गोलसर हवेत आणि ती जागा कडक केलेली नको.

इथे नेपाळी कामींची, म्हणजे तिथल्या लोहारांची, कारागिरी दिसते. भोजपूर, धरान इथल्या भट्ट्यांत अनेकदा ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पट्ट्या वापरतात. हे सुमारे 0.6 टक्के कार्बनचं पोलाद. पातं लाल तापलं की किटलीच्या तोटीने फक्त धारेवर पाण्याची बारीक धार सोडायची. तिथलं पोलाद झटकन थंड होऊन मार्टेन्साइट या अतिशय कठीण रचनेत बदलतं. पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. पाठीतली उरलेली उष्णता मग धारेकडे परत झिरपते आणि तिचा ठिसूळपणा थोडा कमी करते. पाणी कुठे आणि किती चढवायचं, हे कारागीर तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून ठरवतो.

एवढं सगळं तोडण्यासाठी झालं. द्वंद्वात मात्र दुसरा प्रश्न उभा राहतो: घाव चुकला तर पातं किती लवकर परत येतं? पुढे साठलेलं तेच वजन आता विरोधात जातं. हात पुढे खेचला जातो आणि तेवढ्या वेळात छाती उघडी पडते. खुकरीला हात झाकणारी आडपट्टी नसते, पल्लाही कमी. पुढे झुकलेल्या टोकामुळे भोसकताना मनगट फारसं मोडावं लागत नाही, हा तिचा खरा फायदा. पण ओला हात पुढे घसरला तर धारेपर्यंत अडवणारं काही नाही. म्हणून सरावासाठी ‘सिरुपाते’ हा निमुळता, सडपातळ प्रकार मला जाड पोटाच्या खुकरीपेक्षा योग्य वाटतो. तोडण्याची ताकद थोडी घटते, पण हात वेळेवर परत येतो.

खुकरी उपसताना बोटं म्यानाच्या धारेकडच्या बाजूला कधीही गुंडाळू नयेत. लाकडाच्या दोन फाळक्यांवर चामडं चढवून म्यान केलेलं असतं, आणि पातं त्यांच्या सांध्यातून आरपार येऊ शकतं. म्यान पाठीच्या बाजूने धरावं.

नवशिक्यांना लाकडी खुकरी देतात, हे सुरक्षिततेसाठी बरोबरच आहे. फक्त पोलादाची घनता 7.85 आणि सागवानाची साधारण 0.65. अर्ध्या किलोचं पातं त्याच मापात सागवानाचं केलं तर 40 ग्रॅमच्या आसपास भरतं. त्यावर महिनोन् महिने घटवलेली चपळाई खऱ्या पात्यावर टिकत नाही. पोटाच्या जागी भोक पाडून त्यात शिसं भरावं आणि वरून नीट बुजवावं. झोके मोजून दोन्हींचं आघातकेंद्र जुळेपर्यंत वजन कमी-जास्त करत राहावं.