बालाघाट ते गोंदिया : बस की रेल्वे?

बालाघाटहून गोंदियाला जायचं कसं, हे केवळ तिकिटाच्या दरावर ठरत नाही. मध्य प्रदेशने आपलं राज्य परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय २००५ मध्ये घेतला, आणि रस्ता खासगी बसच्या हाती गेला. ही बस हात दाखवला की थांबते, तांदळाचं पोतं टपावर घेते. पण सीट भरेपर्यंत बऱ्याचदा हलत नाही. हे ताटकळणंच सगळ्यात जास्त टोचतं. थांब्यावर गेलेला वेळ गाडीत बसून गेलेल्या वेळापेक्षा प्रवाशाला कितीतरी मोठा वाटतो, असं वाहतुकीचे अभ्यासकही सांगतात. गाडी बदलावी लागली तर विचारूच नका.

सातपुड्यातली अडीच फुटी नॅरोगेज जाऊन ब्रॉडगेज आली. २०२१ मध्ये गोंदिया–जबलपूर मार्गाने लांब पल्ल्याच्या गाड्या धावू लागल्या. रेल्वे स्वस्त, वेळ ठरलेली; मात्र एक गाडी चुकली की अर्धा दिवस जातो.

महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचं तिकीट अर्ध्या दरात मिळतं, तेही राज्याच्या हद्दीपुरतंच. हद्दीवरच्या बाघ नदीपलीकडे माहेर असलेल्या बाईला हा फरक पदराला बांधलेल्या नोटांमध्ये कळतो. स्टँडवर सुटण्याच्या वेळांचा ठळक फलक लागला, तरी तिची वाट बघणं पुष्कळ हलकं होईल.