सौद्याच्या संगणकावरील कळा

वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून आपण ऐकले असेल की, पूर्वी अडतीच्या दुकानी मालाचा भाव तोंडाने बोलला जात नसे. अडत्या व खरेदीदार उपरण्याखाली एकमेकांचा हात धरीत, बोटांच्या खुणेने भाव ठरे, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा असूनही त्यास त्यातले काही कळत नसे. या रीतीस हत्ता पद्धत म्हणत. हैदराबाद संस्थानात १३३९ फसली साली, म्हणजे इ. स. १९३० च्या सुमारास, बाजारपेठांचा कायदा झाला. पुढे उघड लिलावाची चाल पडली. आणि १४ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारने ई-नाम ही संगणकावरील बाजारव्यवस्था सुरू केली. तात्पर्य, बोटांचा व्यवहार उपरण्याखालून निघून कळफलकावर आला. पूर्वी दुसऱ्याची बोटे आपणास दिसत नव्हती म्हणून आपले नुकसान होई. आता आपलीच बोटे कोठे पडतात हे न पाहिल्यास नुकसान होते. सबब या कळांविषयी चार गोष्टी शेतकरीबंधूंपुढे मांडण्याचे योजिले आहे.

हा विषय आपल्याकडे मुख्यतः वायद्याच्या सौद्यात उपयोगी पडतो. एनसीडीईएक्स या नावाने ओळखला जाणारा कृषिमालाचा वायदे बाजार १५ डिसेंबर २००३ पासून चालू झाला. लातूरच्या पेठेचा जीव सोयाबीन व तूर यांवर. परंतु तुरीचे वायदे जानेवारी २००७ मध्ये बंद करण्यात आले, व सोयाबीनचे वायदे २० डिसेंबर २०२१ रोजी सेबीने स्थगित केले आणि त्या स्थगितीची मुदत पुढे वेळोवेळी वाढविली. यास्तव येथे उदाहरण हळदीचे घेतो. अर्धापूर व वसमत हा आपल्या बाजूचा हळदीचा पट्टा. आणि वायद्यातील हळदीचा मूळ भाव ज्या निजामाबाद केंद्राचा धरतात, ते केंद्र नांदेडहून फार दूर नाही. अलीकडे गावोगावच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या कचेरीत हा पडदा दिसू लागला असून, त्यापुढे बहुधा आपल्यापैकीच कोणाचा तरी मुलगा बसलेला असतो.

प्रथम एवढे ध्यानात घ्यावे की, कळ चुकल्यास काय होते. हळदीचा एक करार ५ टनांचा, म्हणजे ५० क्विंटलांचा असतो. भाव मात्र दर क्विंटलास बोलतात. हिशेबापुरता भाव १४,००० रुपये धरला, तर एका कराराची किंमत ७,००,००० रुपये होते. ज्याच्या घरी ५० क्विंटल हळद येणार आहे, त्याने भाव पडण्याच्या भीतीने एक करार आगाऊ विकून ठेवला. पुढे भाव २,००० रुपयांनी उतरला, तर पेठेत त्यास १,००,००० रुपये कमी मिळतील, पण करारात सुमारे तितकेच मिळतील व तोल राहील. भाव चढला तर याच्या उलट घडेल, आणि करारापोटीची अनामत रोजच्या रोज भरून काढावी लागेल. आता हाच मनुष्य विकण्याऐवजी चुकून खरेदीची कळ दाबून बसला असे समजा. भाव उतरताच पेठेत १,००,००० गेले व करारातही १,००,००० गेले. मिळून २,००,००० रुपयांचा खड्डा पडला. ढाल म्हणून जी वस्तू हाती घेतली, तीच अंगावर उलटली. आणि हे घडविणाऱ्या दोन कळा कळफलकावर एकमेकींस चिकटून बसलेल्या आहेत.

त्या अशा. दलालांनी पुरविलेल्या, संगणकात बसविलेल्या बहुतेक जुन्या चालीच्या सौदा-कार्यक्रमांत वरच्या ओळीतील एफ-१ ही खरेदीची, व तिच्या शेजारची एफ-२ ही विक्रीची कळ असते. एफ-३ दाबल्यास आपण घातलेल्या मागण्यांची वही उघडते, आणि एफ-८ दाबल्यास प्रत्यक्ष पार पडलेल्या सौद्यांची वही. शिफ्ट दाबून धरून एफ-१ दाबली असता वहीतील निवडलेली मागणी रद्द करण्याची चौकट येते. शिफ्ट व एफ-२ यांनी ती दुरुस्त करण्याची. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या नव्या कार्यक्रमांची रीत निराळी. उदाहरणार्थ, झेरोधाच्या काइट या कार्यक्रमात यादीतील नावावर असताना इंग्रजी बी दाबल्यास खरेदीची, एस दाबल्यास विक्रीची चौकट उघडते, व डी दाबल्यास बाजारात कोणत्या भावास किती मागणी व किती पुरवठा उभा आहे ते दिसते. सर्व दलालांचे कार्यक्रम एकसारखे नसतात, आणि काहींत कळा आपल्या मर्जीप्रमाणे बदलताही येतात. म्हणून आपल्या कार्यक्रमाच्या मदतपानावरील कळांची यादी एकदा कागदावर उतरून पडद्याशेजारी डकवावी, व परक्या संगणकावर बसल्यास ती पुन्हा ताडून पाहावी.

आणखी एक गोष्ट नवशिक्यास हटकून फसविते. मांडीवरच्या लहान संगणकांत वरच्या ओळीतील कळा पुष्कळदा आवाज किंवा उजेड कमीजास्त करण्याच्या कामी लावलेल्या असतात. तेथे एफ-३ चे काम करून घेण्यास कोपऱ्यातील एफएन ही कळ सोबत दाबावी लागते. तसेच ब्राउझरमध्ये एफ-५ दाबल्यास सारे पान नव्याने उघडते, व अर्धवट भरलेली मागणी पुसली जाते.

आता शिकण्याचा क्रम. तरुण मंडळी प्रथम खरेदी-विक्रीच्या कळा पाठ करतात. प्रस्तुत लेखकाच्या मते हा क्रम उलटा आहे. नवी जोडी गाडीस जुंपताना आपण आधी कासरा हाती घेतो, आसूड मागाहून. तद्वत पहिल्याने पाहण्याच्या कळा शिकाव्यात, म्हणजे मागण्यांची वही व सौद्यांची वही. दुसऱ्याने थांबविण्याच्या, म्हणजे उघडलेली चौकट मिटविणारी एस्केप व मागणी रद्द करणारी जोडकळ. तिसऱ्याने चौकटीतल्या चौकटीत फिरण्याच्या. आणि या तिन्ही हातात बसल्यावरच विकत घेण्याच्या व विकण्याच्या. ज्यास न पाहता मागणी रद्द करता येत नाही, त्याने न पाहता मागणी घालू नये.

चौकटीत फिरण्याची कळ म्हणजे टॅब. ती एकदा दाबली की पुढच्या रकान्यात, शिफ्टसह दाबली की मागच्या रकान्यात आपण जातो. खरी मेख येथेच आहे. एका रकान्यात प्रमाण, दुसऱ्यात भाव. टॅब एकदा कमी वा अधिक पडली की भाव प्रमाणाच्या जागी जाऊन बसतो. महसूल खात्यात कारकुनी केलेल्यास हे सांगावयास नको. सातबारा संगणकावर चढविण्याच्या दिवसांत क्षेत्राचा आकडा आकाराच्या रकान्यात पडलेला प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे, आणि त्या एका आकड्यापायी खातेदारास किती खेटे घालावे लागले तेही पाहिले आहे. परंतु तेथे निदान १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम १५५ होते. लेखनप्रमाद सिद्ध झाला की नोंद दुरुस्त होते. सौद्याच्या पडद्यास असे कलम १५५ आहे असे धरून चालू नये. समोरच्याची मागणी जुळून सौदा पटला की, तो आपला हात चुकला म्हणून सहसा मोडत नाही.

हे भय पोकळ नव्हे. ८ डिसेंबर २००५ रोजी जपानात टोकियोच्या भागबाजारात मिझुहो या पेढीच्या मनुष्यास जे-कॉम नामक कंपनीचा १ भाग ६,१०,००० येनांस विकावयाचा होता. त्याने ६,१०,००० भाग १ येनास विकावयास काढले. पडद्यावर इशारा उमटला, तो डावलला गेला. चूक कळल्यावर मागणी रद्द करण्याचा यत्न केला, तो बाजाराच्या यंत्रणेने मानला नाही. त्या एका अदलाबदलीने पेढीस सुमारे ४० अब्ज येनांची खोट बसली. आपल्याकडे मुंबईत ५ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रीय भागबाजारात एका दलालाकडून ६५० कोटी रुपयांहून अधिक रकमेच्या चुकीच्या मागण्या गेल्या, निफ्टीचा निर्देशांक क्षणात कोसळला व बाजार सुमारे १५ मिनिटे थांबला. ज्यांचा जन्म या धंद्यात गेला त्यांची ही गत, तर आपण अधिक सावध असले पाहिजे.

त्यासाठी चार नेम पाळावेत. पहिला नेम रंगाचा : आपल्याकडील पुष्कळ कार्यक्रमांत खरेदीची चौकट निळी व विक्रीची तांबडी असते, चौकट उघडताच आकडा भरण्यापूर्वी रंग पाहावा. दुसरा नेम मापाचा : प्रमाणाच्या रकान्यात करारांची संख्या मागितली आहे की टन, हे आपल्या कार्यक्रमापुरते एकदा पक्के करून घ्यावे, एक करार विकावयाचा असता तेथे ५ लिहिल्यास कोठे एक करार होतो तर कोठे पाच, आणि क्विंटलांच्या सवयीने ५० लिहिल्यास अनर्थ ओढवतो. तिसरा नेम भावाचा : मिळेल त्या भावाची मागणी न घालता, अमुक भावाच्या खाली विकणे नाही अशी मर्यादा घातलेली मागणी घालावी, म्हणजे हात चुकला तरी हानीस काही बांध राहतो. चौथा नेम रुजुवातीचा : एंटर ही शेवटची कळ दाबण्यापूर्वी शेजारच्याने कागदावरून "विक्री, हळद, अमुक महिना, एक करार, अमुक भाव" असे मोठ्याने वाचावे व बसलेल्याने पडद्यावरून ताडावे. जुन्या कचेऱ्यांत एकजण वाची व दुसरा तपाशी. ती चाल येथे सोडण्याचे कारण नाही.

वीज व तार यांविषयी स्वतंत्र सूचना केली पाहिजे. आपल्याकडे ऐन वेळी वीज जाणे किंवा इंटरनेट तुटणे नवे नाही. एंटर दाबली आणि पडदा थिजला, तर पुन्हा एंटर दाबण्याचा मोह होतो. तो आवरावा. पहिली मागणी पोचलेली असल्यास दुसरीने एकाचे दोन करार होतात. पडदा पूर्ववत होताच प्रथम एफ-३ ने मागण्यांची वही व एफ-८ ने सौद्यांची वही पाहावी, मगच पुढचे पाऊल टाकावे. पडदा परत येत नसल्यास दलालाच्या कचेरीस दूरध्वनी करून मागणीची स्थिती विचारावी. तो क्रमांक संगणकात न ठेवता कागदावर लिहून ठेवावा.

वायद्याशी ज्यांचा संबंध नाही, त्यांसही काही सामान्य कळा कामास येतील. बाजारभावांची लांबलचक यादी उघडून कंट्रोल व एफ दाबल्यास शोधण्याची पट्टी येते. तीत लातूर किंवा हळद असे लिहिले की तो शब्द जेथे असेल तेथे नजर पोचते. यादी इंग्रजीत असल्यास शब्दही इंग्रजीत लिहावा लागतो. अक्षर बारीक वाटल्यास कंट्रोल व अधिक चिन्ह दाबल्याने ते मोठे होते. चाळिशी लागलेल्यांनी यात संकोच करू नये, शून्य एक कमी वाचण्यापेक्षा ते बरे. आल्ट व टॅब यांनी भावाचे पान व हिशेबाचे पान यांत येजा करता येते. आणि जागेवरून उठताना विंडोजचे चिन्ह असलेली कळ व एल दाबून पडद्यास कुलूप घालावे. उघडा पडदा ही उघड्या तिजोरीची बहीण आहे.

शेवटी एक इशारा देणे कर्तव्य समजतो. कळांनी काम झटपट होते हे खरे. परंतु झटपट सौदे केल्याने शेतकऱ्याचे कल्याण होते असा त्याचा अर्थ नव्हे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, भागबाजाराच्या वायदे व ऑप्शन व्यवहारांत तीन वर्षांत हात घालणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्याचे दिसून आले. ती पाहणी शेतमालाची नव्हे, पण बोटांच्या खाजेने केलेल्या सौद्याचा धर्म सर्वत्र एकच. शेतात जेवढी हळद उभी आहे तेवढ्याच मापाचा करार, तोही वर्षातून एकदोन वेळा, इतकेच आपले प्रयोजन. अशा मनुष्यास खरेदी-विक्रीच्या कळा क्वचितच दाबाव्या लागतील. पाहण्याच्या व थांबविण्याच्या कळा मात्र रोज लागतील. त्या बोटांत अशा मुरवाव्यात की, अंधारात दावणीची गाठ सोडावी तशा त्या आपोआप सापडल्या पाहिजेत.