गिरणी कामगारांची साप्ताहिक सुट्टी

गिरणी कामगारांची साप्ताहिक सुट्टी ही मुंबईतील कापड गिरण्यांच्या मालकांनी १० जून १८९० रोजी मान्य केलेली रविवारची सुट्टी होय. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीचे ते फलित होते.

त्या काळी गिरण्यांत काम उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत चाले. साहजिकच उन्हाळ्यात श्रमाचे तासही वाढत. १८८१ च्या कारखाना कायद्याने महिन्याला चार सुट्ट्या दिल्या, त्या केवळ बालकामगारांना. लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळ येथे सभा घेऊन सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी आयोगापुढे मांडले. त्यात रविवारच्या सुट्टीबरोबरच दुपारी अर्धा तास विश्रांती मागितली होती. ही मागणी आज क्षुल्लक भासेल, परंतु तोवर जेवणासाठी यंत्र थांबेलच याची निश्चिती नव्हती. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मी येथील कामगारांच्या विराट सभेत दोन स्त्रियांनीही भाषणे केली.

१८९१ च्या कायद्याने दोन्ही सवलतींना वैधानिक आधार दिला. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम, १९४८ मधील कलम ५२ साप्ताहिक सुट्टीविषयी, तर कलम ५५ विश्रांतीच्या मध्यंतराविषयी होते. घरकामगार व शेतमजूर मात्र या अधिनियमाच्या कक्षेत येत नव्हते.