चपळाई मागच्या सीटवरून मोजावी

चार दारे, स्वतंत्र डिकी आणि वळणावर चालवणाऱ्याला खुलवणारी चाल, अशी सेडान भारतात मोठ्या संख्येने कधी खपली नाही. तिचा चाहता मात्र टिकून आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्कोडाने ऑक्टेव्हिया आरएसच्या जेमतेम शंभर गाड्या भारतासाठी आणल्या आणि ४९ लाख ९९ हजारांची शोरूम किंमत असूनही त्या हातोहात संपल्या. त्याच्या काही आठवडे आधी, २२ सप्टेंबरला, जीएसटीचे नवे दर लागू झाले होते. हैदराबादच्या ज्या मराठी घरात एकच गाडी ठेवता येते, तिथे या दोन बातम्यांनी जुना प्रश्न पुन्हा जागा केला: आजी-आजोबांना, शाळेच्या दप्तरांना आणि तुळजापूरच्या फेऱ्यांना पुरेल, तरीही चालवताना मन रमेल अशी गाडी कोणती?

करकपातीने या प्रश्नाला फारसा हात दिलेला नाही. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तरच १८ टक्के. बाकी पेट्रोल गाड्यांना ४० टक्के. मोठ्या सेडानवर पूर्वी उपकरासह ४५ टक्के किंवा त्याहून जास्त कर होता, म्हणजे दिलासा मिळाला पण थोडा. खरी सवलत मिळाली ती डिझायर, ऑरा, अमेझ, टिगोर या छोट्या सेडानना, आणि त्यांत आज चपळ म्हणावी अशी एकही नाही. एकेकाळी होती. टाटा मोटर्स आणि कोइंबतूरची जयेम यांच्या संयुक्त कंपनीने ऑक्टोबर २०१८ मध्ये टिगोर जेटीपी आणली. १२०० सीसीच्या आतले टर्बो इंजिन, ११४ पीएस ताकद, बदललेले सस्पेन्शन आणि किंमत साडेसात लाखांच्या आसपास. ती चालली नाही आणि दोन वर्षांत बंद झाली. आजच्या करांत ती १८ टक्क्यांत बसली असती. ज्या कंपनीला मध्यमवर्गीय घराची नाडी कळते, तिने ही कल्पना पुन्हा हाती घ्यायला हवी.

त्यामुळे निवड राहते ती वरच्या गटात. फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया या दोघी पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात बनतात. ह्युंदाई व्हर्ना आणि होंडा सिटी या दुसऱ्या दोघी. स्कोडाचे महाराष्ट्राशी नाते जुने आहे. २००१ मध्ये औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात ऑक्टेव्हियाची जोडणी सुरू झाली आणि पुढे मराठवाड्यातल्या रस्त्यांवर ती गाडी प्रतिष्ठेची खूण बनली.

सेडानऐवजी उंच एसयूव्हीच का घेऊ नये, हा घरातला पहिला आक्षेप असतो. त्याचे उत्तर फोक्सवॅगनच्याच व्हर्टस सेडान आणि टायगन एसयूव्ही या भावंडांत सापडते. दोघींचा सांगाडा एक, इंजिने तीच, पुढच्या-मागच्या चाकांतले अंतरही तेच, २६५१ मिलिमीटर. पण व्हर्टसची उंची १५०७ मिलिमीटर, टायगनची १६१२. सेडानचे वजन जमिनीजवळ राहते, वळणावर ती कमी कलते, आणि मागे बसलेल्या मुलाला घाटात मळमळण्याची शक्यता कमी होते. डिकी ५२१ लिटर विरुद्ध ३८५. चार माणसांच्या बॅगा, फराळाचे डबे आणि घडीची व्हीलचेअर ज्यांना न्यावी लागते त्यांच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. एसयूव्हीची बाजू एकाच ठिकाणी भक्कम आहे: गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिच्यात सरळ बसता येते, सेडानमध्ये खाली वाकावे लागते. घरात असे कुणी असेल, तर त्यांना शोरूममध्ये नेऊन मागच्या सीटवर तीनदा बसवावे आणि उठवावे. व्हर्नाचे छत मागे उतरते, त्यामुळे दारातून शिरताना उंच माणसाच्या डोक्याला ते जवळ येते. पाय पसरायला सिटीची मागची सीट प्रशस्त आहे.

चपळाईचा अर्थ बहुतेक जाहिरातींत शून्य ते शंभरच्या सेकंदांत मोजला जातो. कुटुंबाला तो आकडा निरुपयोगी आहे. पाच माणसे आणि भरलेली डिकी घेऊन उसाच्या ट्रॅक्टरला मागे टाकताना इंजिन गिअर न बदलता किती ओढते, हे महत्त्वाचे. ही ओढ टॉर्कची. व्हर्टस-स्लाव्हियाचे १.५ टीएसआय इंजिन १५० पीएस ताकद देते, पण त्याचा खरा गुण म्हणजे २५० न्यूटन-मीटरचा टॉर्क १६०० फेऱ्यांपासूनच मिळतो. व्हर्नाचे १.५ टर्बो १६० पीएस आणि २५३ न्यूटन-मीटरचे आहे. सिटीचे साधे पेट्रोल इंजिन १२१ पीएसचे. त्याचे १४५ न्यूटन-मीटर ४३०० फेऱ्यांना हाती लागतात. म्हणजे ओव्हरटेकच्या वेळी सिटी ओरडते, टर्बो गाड्या शांतपणे निघून जातात. मागच्या सीटवर झोपलेले मूल उठते की नाही, इथपर्यंत हा फरक पोचतो.

हैदराबादेत मात्र गाडीची खरी परीक्षा इंजिन घेत नाही, गतिरोधक घेतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितला आहे, त्याच्या गोलाईची त्रिज्या १७ मीटर. अशा उंचवट्यावर सेडानची चारही चाके सामावतात. हिशेब केला तर दोन्ही चाकांच्या मधोमध जमीन फक्त पाचेक सेंटिमीटर वर येते, आणि कुठलीही गाडी सहज पार होते. कॉलनीतले गतिरोधक हे मानक पाळत नाहीत. फूटभर रुंदीचा, पण उंच असा सिमेंटचा बांध चाकांच्या मधोमध आला की त्याची सगळी उंची गाडीच्या पोटाखाली येते. व्हर्टस-स्लाव्हियाचा ग्राउंड क्लिअरन्स १७९ मिलिमीटर सांगितला जातो, पण तो रिकाम्या गाडीचा. पाच माणसे बसली की गाडी काही सेंटिमीटर खाली बसते आणि तिथेच पोट घासते. असा बांध तिरका घेतला की एकेक चाक चढते आणि बहुतेक वेळा गाडी वाचते.

खड्ड्यांमुळे मोठी चकचकीत चाकेही कुटुंबाच्या गाडीला शोभत नाहीत. १.५ टीएसआयच्या व्हर्टस जीटीचे टायर २०५/५५ आर१६ मापाचे आहेत. म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंत रबराची भिंत सुमारे ११३ मिलिमीटर. ऑक्टेव्हिया आरएसच्या १९ इंची चाकांवरच्या २२५/४० टायरची भिंत ९० मिलिमीटर. हा सव्वादोन सेंटिमीटरचा रबर पावसाळ्यातल्या खड्ड्याचा मार झेलतो. तो नसेल तर मार रिमला आणि मागच्या सीटवरच्या पाठीला बसतो. दुकानात टायर मोठे करून घेण्याचा मोह टाळावा.

शहराभोवतीचा १५८ किलोमीटरचा आउटर रिंग रोड हे दुसरे टोक. तिथे वेगमर्यादा १२० आहे, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ८० पेक्षा १२० ला ते सव्वादोन पट होते. इथे व्हर्नाच्या टर्बोच्या वरच्या आवृत्तीतले चारही डिस्क ब्रेक उजवे ठरतात. व्हर्टस-स्लाव्हियाला मागे ड्रम आहेत आणि ही या गाड्यांची उणीव आहे. धडकेच्या परीक्षेत मात्र पारडे फिरते. ग्लोबल एनकॅपने २०२३ मध्ये तिघींना मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी पाच तारे दिले, पण व्हर्नाचा सांगाडा अस्थिर ठरवला. मुले ज्या गाडीत रोज बसणार, तिच्याबाबत हा शेरा तारे मोजून विसरण्यासारखा नाही.

गिअरबॉक्सचा निर्णय रोजच्या वाटेवर ठरतो. हायटेक सिटीच्या मुंगीच्या चालीच्या गर्दीत व्हर्टस-स्लाव्हियाच्या सात गिअरच्या डीएसजी या स्वयंचलित गिअरबॉक्सचा कोरडा क्लच तापतो. तिथे इंचाइंचाने सरकण्यापेक्षा पुढे थोडी जागा होऊ देऊन मग हलणे चांगले. रोज दोन तास अशाच गर्दीत जाणार असतील, तर सिटीची हायब्रिड आवृत्ती शहाणपणाची, पण बॅटरीमुळे तिची डिकी ३०६ लिटरवर येते.

विजेची चपळ सेडान म्हणून बीवायडी सीलचे नाव येते. तेलंगणाने नोव्हेंबर २०२४ पासून डिसेंबर २०२६ अखेरपर्यंत विजेच्या गाड्यांचा रस्ता कर माफ केला आहे, आणि वरच्या आवृत्तीचा वेग थक्क करणारा आहे. पण किंमत ४० लाखांपुढे आणि क्लिअरन्स १४५ मिलिमीटर. कॉलनीतला पहिलाच बांध तिला अडवेल.

किंमत पाहताना शोरूमचा आकडा फसवा असतो. १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात रस्ता कर १२ टक्के. तेलंगणात तो किमान पाच टक्क्यांनी जास्त. १८ लाखांच्या गाडीवर हा फरक नव्वद हजारांच्या घरात जातो. सोलापूर-नांदेडच्या नातेवाइकाच्या पत्त्यावर नोंदणी करून हा पैसा वाचत नाही: दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांहून अधिक ठेवली की नवी नोंदणी करावी लागते आणि कर तिथे भरावा लागतो.

हैदराबादेत राहून वर्षातून चार वेळा सोलापूर-तुळजापूर गाठणाऱ्या घराने १.५ टीएसआयची व्हर्टस किंवा स्लाव्हिया घ्यावी, १६ इंची चाकांसह. दोघींपैकी कोणती, हे जवळच्या सर्व्हिस सेंटरवर सोडावे. आणि टेस्ट ड्राइव्ह एकट्याने घेऊ नये. सगळ्या घराला गाडीत बसवावे, आपल्याच गल्लीतल्या सर्वांत वाईट गतिरोधकावरून गाडी न्यावी, आणि मागे बसलेल्यांचे मत आधी विचारावे.